फ्लॉसीने जपलेली कळ

वसईजवळच्या नंदाखाल गावातल्या फ्लॉसीचा आवाज चर्चच्या गायनमंडळात सगळ्यात वर चढायचा. २००६ साली धाकट्या बहिणीच्या लग्नाआधी दात पांढरे करून घ्यावेत म्हणून ती आगाशीला जयराम नावाच्या ‘डॉक्टर’कडे गेली. त्याने कापसाच्या बोळ्याने दातांना कसलंसं झणझणीत पाणी लावलं. दात चमकले खरे, पण आठवड्याभरात गार पाणी सोडाच, तोंडाने श्वास घेतला तरी हिरड्यांपासून कानापर्यंत कळ जायला लागली.

गाणाऱ्याला तोंडाने श्वास घ्यावाच लागतो. नाताळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनेला, वरच्या सुराआधी फ्लॉसीने श्वास भरला आणि तिथेच थांबली. पुढची ओळ मंडळातल्याच क्लेमेंटीनने उचलली. त्या दिवसापासून पुढे उभं राहायचा मान तिच्याकडे गेला.

फ्लॉसी जयरामकडे जाब विचारायला गेली. बाकड्यावर चार पेशंट बसलेले होते. तो हसत म्हणाला, “बाई, दात तुमचेच कमजोर. एवढं दुखतंय तर गाणं सोडा की.”

बाकड्यावरचं कुणीतरी हसलं. फ्लॉसी तशीच घरी आली.

मग वसईच्या एव्हरशाईन सिटीत दातांच्या डॉक्टर संपदाने तिला तपासलं. म्हणाली, “ॲसिड लावलंय. वरचं कवच झिजलं की आतल्या बारीक नळ्या उघड्या पडतात, म्हणून हवाही झोंबते. लेझरने त्या नळ्यांची तोंडं बंद करू. वरून एक खास काचेची भुकटी असलेली पेस्ट लावू. लाळ लागली की त्यातून कॅल्शियम सुटतं आणि दातावर नवा थर धरतो. आजच सुरू करू या?”

“आज नको, मॅडम.”

“दुखतंय ना?”

“दुखू दे. दुखायचं थांबलं तर मी त्याला माफ करून टाकीन. मला माझा स्वभाव माहीत आहे.”

संपदाने समजावून पाहिलं. नवरा आग्नेल तर चिडलाच, “दात तुझे, जीव तुझा, आणि शिक्षा त्याला कशी होणार?” फ्लॉसी ऐकेना. पावसाळाभर ती कोमट पेज प्यायली आणि चौकशी करत राहिली. पाटीवर लिहिलेल्या कॉलेजात जयराम कधी शिकलाच नव्हता. तिने पोलिसांत तक्रार दिली, संपदा साक्षीला आली. साहेबांनी विचारलं, “त्रास म्हणजे नेमका काय?” फ्लॉसीने त्यांच्या टेबलावरचा फ्रीजमधल्या पाण्याचा ग्लास उचलला आणि सगळा प्यायली. डोळ्यांतून धारा लागल्या, पण ग्लास रिकामा होईपर्यंत तिने खाली ठेवला नाही. साहेब उठले. पण पोलीस आगाशीला पोचेपर्यंत पाटी उतरलेली होती.

दिवाळीनंतर केळी पोचवायला गेलेल्या आग्नेलला कामणला गोदामांच्या रस्त्यावर नवी पाटी दिसली. नाव वेगळं, माणूस तोच.

फ्लॉसी तोंडाला ओढणी गुंडाळून तिथल्या रांगेत बसली. मागे साध्या कपड्यांत दोन पोलीस होते. नंबर आला तशी ती खुर्चीत बसली.

“तोंड उघडा,” जयराम म्हणाला.

तिने ओढणी खाली केली. त्याने चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, दातांवर बॅटरी मारली. त्याचा हात थबकला. “हे… कुणी केलं?”

“ओळखलंत ना? तुमच्याच हातचं काम आहे.”

तो मागे सरला, तर दारात पोलीस. “ताई, घरी म्हातारी आई आहे हो,” तो हात जोडून म्हणाला. फ्लॉसी खुर्चीतून उठली नाही. त्याला जीपमध्ये बसवेपर्यंत ती खिडकीतून बघत राहिली. तेवढा वेळ दात ठणकत होते, आणि तिला ते बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून संपदाकडे गेली. दोन-तीन खेपा झाल्या, पेस्ट लावून झाली आणि कळ हळूहळू विझली. इस्टरला क्लेमेंटीनने स्वतः सरकून तिला जागा दिली.

त्याआधी फ्लॉसी कन्फेशनला गेली होती. पुष्कळ लहानसहान पापं तिने सांगितली. जयरामबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. त्याला माफ न केल्याचा पश्चात्ताप वाटत नसताना फादरसमोर खोटं कशाला बोलायचं, असं ती आग्नेलला म्हणाली.