शेवयांच्या पाटावर संपलेली कादंबरी

मला कादंबरी लिहायची होती. हे मी आयुष्यात इतक्या जणांना सांगितलं की तेवढ्या श्रमात दोन लिहून झाल्या असत्या.

माझे वडील चिखलीच्या मराठी शाळेत मास्तर होते, त्यामुळे मुलीच्या जातीला नको तितकं वाचून मी मेहकरला सासरी आले. हे तहसील कचेरीत कारकून. आमचं वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि नागपूरहून एखादा हुकूम सुटला की यांच्या कपाळावर दोन दिवस आठ्या असायच्या. मोठे दीर शेती बघायचे. मोठ्या जाऊबाई, सासूबाई आणि मी अशा आम्ही तिघी घरात. जाऊबाई कमी बोलायच्या. मोठे दीरही शांत; त्यांनी कधी कुणावर आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. थोडक्यात, घर चांगलं होतं.

माझी कादंबरी अशाच एका चांगल्या घराची होती. देऊळगाव राजाकडच्या खेड्यातली एक सून. नवरा भला, सासू चारचौघींसारखी, खायला-प्यायला कमी नाही. एक दिवस सकाळी ती धुणं वाळत घालते आणि घरातून निघून जाते. मग ती कुठे कुठे जाते, तिला कोण भेटतं, तिचं कसं होतं, हे सगळं पुढे. मी वाचलेल्या पुस्तकांतल्या बायका घर सोडायच्या त्या छळामुळे, आणि सोडून जायच्या कुठे, तर विहिरीकडे. माझी सून तशी नव्हती. तिच्याशी कुणीही वाईट वागलेलं नाही आणि तरी तिला जायचं आहे, एवढंच मला लिहायचं होतं. ती मला इतकी लख्ख दिसायची की तिच्या पायातली जोडवीसुद्धा मी सांगू शकले असते.

आणि मी सांगितली. तिथेच घात झाला.

चैत्र-वैशाखात आमच्या ओसरीवर उन्हाळकाम निघायचं. पापड, कुरडया, आमरसाबरोबर खायचे सरगुंडे आणि शेवया. आळीतल्या बायका जमायच्या, आज हिच्या घरच्या, उद्या तिच्या घरच्या. एकीने पाटावर पिठाचा गोळा ओढायचा, दुसरीने शेवया उचलून बाजेवरच्या धुतलेल्या लुगड्यावर पसरायच्या. हात गुंतलेले, तोंडं मोकळी. मी वाचते हे सगळ्यांना ठाऊक होतं, तेव्हा एका दुपारी कुणीतरी म्हणालं, सांग व एखादी गोष्ट. मी माझ्या सुनेची सांगितली. ती धुणं वाळत घालून निघून गेली, इथपर्यंत.

मग शेजारीण म्हणाली, "पन गेली काऊन?"

"अशीच गेली," मी म्हणाले.

"अशी कशी जाईन वं बाई? काही झाल्याबिगर?"

जाऊबाई तेवढ्या काही बोलल्या नाहीत. त्या पाट ओढत होत्या. बाकीच्या बायका मात्र माझ्यावर नाराज झाल्या, आणि मला ते फार लागलं. मी नवी सून, त्यांना आवडावं अशी मला भूक होती. वर्षभर मी विचार केला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गोष्ट निघाली तेव्हा मी सुनेच्या नवऱ्याला तिला मारायला लावलं. असं मारायला लावलं की बायकांनी पदर डोळ्यांना लावले. "आता पटलं," शेजारीण म्हणाली. त्या दिवशी शेवयाही बारीक उतरल्या, असं सासूबाई म्हणत होत्या. मी तर हवेत होते. त्याच्या पुढच्या वर्षी सगळ्यांच्या आग्रहावरून नवऱ्याला पश्चात्ताप झाला आणि सून परत आली. नंतरच्या वर्षी तिला मुलगा झाला.

यांनी मला खामगावहून कोरे कागद आणि टाक आणून दिला होता. कचेरीतून आले की टोपी खुंटीला लावता लावता विचारायचे, "झाली का कादंबरी?" चिडवायचे, पण त्या चिडवण्यात कौतुकही होतं. मी कागद घेऊन बसायची आणि बसूनच राहायची. दुपारी जे बायकांना रंगवून सांगितलं ते संध्याकाळी लिहायला घेतलं की जेवण झाल्यावर पुन्हा पान वाढल्यासारखं व्हायचं. पुढे लढाई लागली, कागद मिळेनासा झाला. सगळ्यांपाशी मी हळहळ व्यक्त केली आणि मनातून सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकते.

लोक म्हणतात, लिहायला चिकाटी लागते. माझ्यापाशी चिकाटी कमी होती असं मला कुणी म्हणू नये. एकच गोष्ट मी एवढी वर्षं न कंटाळता सांगितली. ती सगळी चिकाटी ओसरीवर उधळली, कागदावर तिचा एक थेंब पडला नाही. याचं दुःख मला आहे, आणि म्हातारपणात ते कमी होतं म्हणतात ते खोटं आहे.

सासूबाई गेल्या, शेती वाटली गेली, मोठे दीर वारले, जाऊबाई मुलाकडे चिखलीला राहायला गेल्या. माझीही मुलं आपापल्या मार्गाला लागली. मग मी खरोखर लिहायला बसले. रोज सकाळी, पूजा आटोपली की. आता कुणाला सांगायचं नाही, असं ठरवून. पण गोष्टीतली सून दाराशी यायची आणि अडायची. तिला बाहेर काढायचं तर नवऱ्याला हात उगारावा लागे. त्याशिवाय ती जागची हलेना. चांगल्या घरातून ती मुकाट्याने कशी निघाली होती, हे मला एकेकाळी माहीत होतं. ते आता माझ्यापाशी नव्हतं. फाडून फाडून थकले तेव्हा मोटार धरली आणि चिखली गाठली. पहिल्या वर्षीची गोष्ट ऐकलेलं माणूस जाऊबाईंशिवाय कुणी उरलं नव्हतं.

जाऊबाई ओसरीवर सूप घेऊन तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. चहा झाला, पोराबाळांची विचारपूस झाली. मग मी विचारलं, "जाऊबाई, माही ते गोष्ट आठवते का, घर सोडून जानाऱ्या पोरीची?"

"न आठवाले काय झालं व? किती साल आयकली."

"पयल्या साली कशी सांगतली होती म्या?"

"पयल्या साली उगीच गेली होती ते," सुपातून नजर न काढता त्या म्हणाल्या. "धुनं वायत घातलं अन् गेली."

"तुमाले काय वाटलं होतं तवा?"

त्यांनी सूप मांडीवर टेकवलं. "म्या गठुडं बांधलं होतं त्या साली."

मला आधी नीट कळलंच नाही. कसलं गाठोडं, असं मी विचारलं असावं.

"दोन लुगडे होते, बस. कोठी जाचं ते बी नोतं ठावं. पन तुही पोरगी गेली ना, मंग म्हटलं, आपल्याले बी जाता येते."

"मंग?"

"मंग काय. म्हटलं, पुढच्या साली तू सांगशीन, गेल्यावर तिचं कसं झालं, कोठी राह्यली, काय खाल्लं. ते आयकून घेऊ अन् मंग निघू." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "तं तू म्हनली, नवरा मारे तिले. मले तं कोनी मारत नोतं व. मंग म्या कोन्या तोंडानं जाव?"

मला त्यांच्याकडे बघवेना. चांगल्या घरातून बाईला काऊन जायचं असतं, हेच शोधत मी इतक्या लांब आले होते, आणि आता ते जाऊबाईंना विचारायचा मला हक्क उरला नव्हता. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

मग त्यांनीच विचारलं, "लिवलं का मंग तुनं ते?"

"नाही," मी म्हणाले.

"हाव," त्या म्हणाल्या आणि सूप पाखडू लागल्या. त्या सुनेचं पुढे काय होतं ते ऐकायला एक बाई खरोखर थांबली होती, आणि ती माझ्याच घरात राहत होती.