पाठमोऱ्या बुधाचे वाटे

मंडळी, आधीच कबूल करतो — माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवायची पद्धत आमच्या घरातसुद्धा नाही. मोहर्लीच्या रस्त्यावर मला दिसलेला वाघ दर दिवाळीला वीतभर लांब होतो, असं बायको पाहुण्यांना चहा देता देता सांगते. खोटं नाही ते. पण भूतबाधा, करणी, अंगात येणं... या प्रांतात मी कधी थापासुद्धा मारल्या नाहीत. तेवढीही किंमत मी त्याला दिली नव्हती. देवळात जायचो तो प्रसादाच्या वेळेला, आणि मांत्रिकाकडे गेलो तो फक्त त्याच्यावरच्या केसच्या कागदासाठी. तेव्हा पुढचं वाचताना माझ्या बाकीच्या किश्श्यांसारखं त्यातलं निम्मं वजा करू नका. हे मोजून-मापून लिहितोय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन जिल्हे माझ्याकडे होते. काम असं — एखाद्या गुन्ह्यात मतिमंद माणूस (तेव्हा कागदावर हाच शब्द होता) आरोपी म्हणून पकडला गेला, की त्याला खटला म्हणजे काय ते समजतं का, जे कबूल केलं ते समजून केलं का, हे आमच्या पथकानं तपासायचं आणि कोर्टाला अहवाल द्यायचा. मी पर्यवेक्षक. म्हणजे टेस्ट घेणार दुसरे, सही माझी, आणि शिव्याही मला. दोन जिल्ह्यांना मिळून एक जीप होती. तिच्यात मी जितका बसलो त्याच्या दुप्पट तिला ढकलत चाललो.

त्या उन्हाळ्यात बुधाची केस आली. मे महिना. आमच्याकडे मे महिन्यात उडता कावळा भाजून खाली पडतो आणि खाली माणूस मीठ-तिखट घेऊन उभा असतो, इतकं ऊन. बुधा नागभीडकडच्या आतल्या एका तलावाच्या गावचा. गावाचं नाव राहू द्या, जेलचंही राहू द्या. वय तिशीच्या पुढे, कानाजवळ केस पिकलेले, समज चार वर्षांच्या लेकराची. गावातला देवाजी नावाचा माणूस तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, कुऱ्हाडीच्या घावानं मेलेला सापडला आणि त्याच्या शेजारी बुधा बसला होता, कुऱ्हाड मांडीवर घेऊन, चिखलानं घासत. पोलिसांनी विचारलं, "तूच मारलं का?" बुधा म्हणाला, "हाव." मॅजिस्ट्रेटसमोर विचारलं. तिथेही "हाव." झालं, कबुली तयार.

मी त्याला जेलात पहिल्यांदा भेटलो तेव्हा ड्यूटीवर भोयर हवालदार होते. मी बुधाला विचारलं, "बुधा, वैनगंगेवरचा पूल तूच गिळला का रे?"

"हाव."

"आणि या भोयर हवालदाराला तूच जन्म दिला का?"

"हाव."

भोयर म्हणाले, "साहेब, हे लिहू नका बरं. माही माय अजून हयात आहे."

हसलो आम्ही. पण त्यात हसण्यासारखं काय होतं? तो माणूस आयुष्यात कुणाला "नाई" म्हणालाच नव्हता. आणि त्याच एका शब्दावर त्याला जन्मठेप लागायची वेळ आली होती.

त्यात आमच्याच पथकानं घोळ घातला. आमच्या नंदा मॅडम टेस्ट घ्यायच्या — हुशार बाई, नागपूरला शिकलेल्या. एक लाकडी पाटी असते, तिच्यात दहा आकारांच्या खाचा; गोल, चांदणी, चौकोन वगैरे. दहा ठोकळे समोर मांडायचे आणि आरोपीनं ते खाचांत बसवायचे. मॅडम ठोकळे मांडायच्या की बुधा उठायचा आणि त्यांच्याकडे पाठ करून बसायचा. तीनदा गेल्या, तीनदा तेच. त्यांनी शेरा मारला — 'असहकार. सोंग करीत असण्याची शक्यता.'

त्या एका ओळीवर माझी सही झाली असती तर बुधा गेलाच होता. मी म्हटलं, "मॅडम, पाठ फिरवायचं सोंग कोण करतं? सोंग करणारा रडतो, डोकं आपटतो."

"मग तुम्हीच शोधा सर," त्या म्हणाल्या. रागावल्या होत्या. रास्त होतं.

गेलो गावाला. सकाळची वेळ, तलावावर जाळं नुकतंच ओढून झालं होतं. बुधाचा थोरला भाऊ मारोती — पोटऱ्यांपर्यंत चिखल, बोलायला सावकाश, तोंडावर मार्दव — मला पाळीवर घेऊन गेला. पळसाच्या पानांवर मासोळीचे सारखे वाटे मांडले होते, जितके लोक जाळ्याला लागले तितके. आणि तिथे चांगलीच जुंपली होती. याचा वाटा मोठा, त्याच्यात नुसते काटे...

मारोती म्हणाला, "बुधा होता तवा हे नव्हतं साहेब. बुधा वाट्यांकडं पाठ करून बसे. एकानं वाट्यावर बोट ठेवाचं अन् पुसाचं, 'हा कोणाचा?' बुधा नाव घे. ज्याचं नाव निघालं, वाटा त्याचा. कोणी कुरकुर करे नाई. त्याच्या मनात कपट कुठून येणार? गावातल्या समद्याइचीच नावं पाठ त्याले. कपडे घालता येत नाई, पण नाव चुकत नाई."

मंडळी, माझ्या डोक्यात तेव्हा काय पेटलं म्हणून सांगू. मॅडमनी ठोकळे मांडले म्हणजे बुधाच्या लेखी वाटे मांडले. तो सहकारच करत होता बिचारा. गावानं शिकवलेलं एकमेव काम, ते तो इमानदारीनं करायला बसत होता, आणि आम्ही त्याला सोंगाड्या लिहीत होतो.

परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळचे अकरा-साडेअकरा झाले असतील, जेलच्या ऑफिसातल्या मागच्या खोलीत लख्ख उजेड. मी, मॅडम, भोयर आणि बुधा. ठोकळे मांडले, बुधानं पाठ केली. मी चांदणीवर बोट ठेवलं. "हा कोणाचा?"

"शेवंतीचा," बुधा म्हणाला. कसा खणखणीत आवाज. एरवी पुटपुटायचा तो.

दहा ठोकळे, दहा नावं, सगळी त्याच्या गावची. मॅडम लिहून घेत होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी शेरा स्वतः खोडला. इथे मी थांबायला हवं होतं.

पण माझा स्वभाव. गंमत म्हणून मी टेबलावरच्या दुसऱ्या वस्तूंवर बोट ठेवायला लागलो. भोयरच्या टोपीवर — "भोयरचा." ठीक, नाव रोज ऐकत होता. शेजारी भोयरचा जेवणाचा डबा होता.

"हा कोणाचा?"

"तिवाडेचा."

भोयरचा चेहरा पडला. तिवाडे म्हणजे दुसऱ्या पाळीतला शिपाई. भोयर म्हणाले, "साहेब, डबा... म्हंजे अदलाबदल झाली असल. त्याच्या डब्यात आज मटण होतं." मॅडम खो-खो हसल्या. तेही ठीक, बुधानं तिवाडेच्या हातात तो डबा पाहिला असेल.

मग मी माझी छत्री टेबलावर ठेवली. चांगली लाकडी मुठीची छत्री. आता ऐका, हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. ती छत्री माझी नव्हती. आदल्या पावसाळ्यात गोंडपिपरीच्या बसस्टँडवर एक म्हातारे गृहस्थ शेजारी बसले होते, सिरोंचाकडचे, तेलुगू वळणाचं मराठी बोलणारे. नाव सांगितलं लिंगय्या मास्तर. कधी आलात तर चहाला या म्हणाले. त्यांची गाडी लागली तेव्हा ते माझी मोडकी छत्री घेऊन चढले आणि मी त्यांची चांगली छत्री घेऊन बसून राहिलो. हाक मारता आली असती. मारली नाही. छत्रीवर नाव नव्हतं, गाव नव्हतं, काही नव्हतं.

"हा कोणाचा?" मी विचारलं.

बुधा नेहमीपेक्षा जरा थांबला. मग म्हणाला, "लिंगय्या मास्तरचा."

नागभीडकडच्या गावात लिंगय्या नाव कुणाचं नसतं. बुधा तालुक्याच्या बाहेर पहिल्यांदा आला तो पोलिसांच्या गाडीतून. मॅडमनी विचारलं, "हे कोण सर?" मी म्हटलं, "असेल त्याच्या गावचा कुणी." भोयर तोवर खेळात रंगले होते. त्यांनी हात लांब केला आणि टेबलाच्या कडेला पडलेल्या केसच्या फाइलीवर बोट ठेवलं. लाल दोरी बांधलेली, देवाजीच्या खुनाची फाइल.

"अन् हा कोणाचा रे बुधा?"

मला त्यांचा हात धरायचा होता. राहून गेलं.

"मारोतीचा," बुधा म्हणाला. तितक्याच खणखणीत आवाजात. आणि मग वळून आमच्याकडे पाहून हसला, काम संपल्यावर हसावं तसं.

भोयर म्हणाले, "भावाची आठवण येऊन राह्यली त्याले." मॅडम म्हणाल्या, "हो ना, बिचारा." दोघांनाही त्यात काही दिसलं नाही. छत्रीचं फक्त मला माहीत होतं ना.

मी नंतर बुधाला समोर बसवून विचारलं, "देवाजीले मारोतीनं मारलं का?" "हाव." "मी मारलं का?" "हाव." पुन्हा पाठ करून बसवलं, फाइल ठेवली, बोट ठेवलं. तो बोलला नाही. एकदा वाटे झाले की झाले, बहुतेक असंच असावं.

अहवाल मी लिहिला आणि चांगला लिहिला. याच्या 'हाव'ला काही अर्थ नाही, याला खटला कळत नाही, वाट्यांची पद्धत अशी-अशी, ठोकळ्यांचा प्रकार असा-असा. छत्री आणि फाइल लिहिली नाही. काय लिहिणार? कोर्टानं अहवाल मानला. आता दोनच रस्ते होते. एक तर बुधाला मोठ्या शहरातल्या मनोरुग्णालयात पाठवायचं. तिथे गेलेली आमची माणसं परत आलेली मी फार कमी पाहिली होती. नाहीतर जवळच्या नातेवाइकानं हमी देऊन त्याला घरी न्यायचं.

हमी द्यायला आला तो मारोती. दुसरं कुणी नव्हतंच. नवं बनियन आणलं होतं बुधासाठी. जजसाहेबांनी मला विचारलं, "भावाच्या ताब्यात द्यायला तुमच्या पथकाची काही हरकत?"

मी गावात आडून आडून विचारून आलो होतो. देवाजीचं मारोतीशी भांडण? नाही. जमिनीवरून, बाईवरून, जाळ्यावरून? नाही. माझ्या हातात होती ती फक्त एका पाठमोऱ्या माणसानं घेतलेली दोन नावं. त्यातलं एक खरं निघालं, ते मी कुणाला सांगू शकत नव्हतो. दुसरं खरं असलं तर मी बुधाला कुणाच्या हवाली करत होतो?

मग म्हणालो, "हरकत नाही, सर."

बुधा मारोतीचं बोट धरून गेला. मागे वळून पाहिलं नाही त्यानं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दर सहा महिन्यांनी मी त्या गावाला जात राहिलो. पाठपुराव्याच्या नावाखाली. दर वेळी वाटायचं, आज काहीतरी वाईट ऐकायला मिळणार. दर वेळी बुधा धडधाकट, नखं कापलेली, केसांना तेल. मारोती त्याला आधी भरवायचा, मग स्वतः खायचा. इतका जीव लावणारं माणूस मी दोन जिल्ह्यांत पाहिलं नाही.

शेवटच्या खेपेला पाळीवर वाटे चालले होते. पाठ करून एक म्हातारी बसली होती. मी म्हटलं, "मारोतीभाऊ, बुधा काऊन नाई बसत?"

"मीच बसू देत नाई साहेब."

"काऊन?"

तो बुधाच्या भाताजवळ बसून मासोळीचे काटे काढत होता. वर न पाहता म्हणाला, "भोयर हवालदार भेटला होता नागभीडच्या बजारात. तो सांगे, जेलात तुमी बुधाले बसवलं होतं म्हणे वाट्याले."

"बसवलं होतं."

"कोणाकोणाचं नाव घेतलं त्यानं?"

"तुमच्या गावच्याच लोकांची."

मारोतीनं काढलेले काटे पानाच्या कडेला नीट ठेवले. "माह्यं घेतलं?"

मंडळी, मी जन्मभर खोटं बोललो ते लोकांना हसवायला. त्या दिवशी बोललो ते हसवायला नव्हे, आणि एकच शब्द बोललो. "नाही."

त्यानं वर पाहिलं. भावानं तुरुंगात सगळ्या गावाची आठवण काढली आणि आपलीच काढली नाही, म्हणून माणसाला लागतं तसं त्याच्या तोंडावर काहीतरी आलं. की मोठं ओझं उतरलेल्या माणसाचं होतं ते? वीस वर्षं मी लोकांचे चेहरे वाचून त्यावर सह्या केल्या. तो एक मला वाचता आला नाही. बुधानं तोंड उघडलं, मारोतीनं घास भरवला, आणि मी जीपकडे निघालो.

कुणाला यातलं काही समजत असेल तर जरूर कळवा. मला आजवर समजलेलं नाही.