पिवळ्या क्रेनची खूण

आता काय सांगू, बाबांनो, आणि कुठून सांगू? आधी चहा घ्या. फजिती काही पळून जात नाही. माझीच आहे, इतकी वर्षं माझ्याबरोबरच बसलीय.

मी शिडाच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे नाव हाकणारा म्होरक्या. धरमतरकडून रेती भरायची, वारा नेईल तसं बेलापूरच्या बंदराला आणून ओतायची. नवं शहर उभं राहत होतं. कितीही रेती घाला, त्याचं पोट भरेना. वारा पडला की आम्ही पाण्यावर नुसते बसून. अंग आंबायचं, पण घाई नव्हती कुणाला.

मग घाई आली. आमचे मालक बाबूशेठ म्हणाले, "दामा, सगल्यांनी इंजिनं बसवली. ही खेप वेळेत आन, नायतर तुझं शीड उतरवतो."

माझी अडचण अशी, की डिझेलचा वास आला की मला ओकारी येते. जन्मभर समुद्र पचवला, डिझेल पचेना! तेव्हा त्या एका खेपेवर माझं सगळं होतं.

आणि नेमका वारा पडला. आदल्या दुपारी पोचायचं, ते दुसऱ्या दिवशीच्या भरतीला खाडीच्या तोंडाशी आलो.

खाडीत शिरायची रीत ऐका. दोन्ही अंगांना गाळ, मधे खोल पाण्याची चिंचोळी वाट. देवळाचा कळस आणि मागचा ताड एका रेषेत धरायचे, की मचवा बरोबर खोल पाण्यात. आज्यापासून हेच. पण रस्त्यासाठी ताड तोडला. मग मी शहाणपणा केला. ताडाच्याच जागी एक उंच पिवळी क्रेन उभी होती, दिवाळीपासून हललेली नव्हती. तीच खूण धरली.

त्या दिवशी क्रेन कळसाच्या डावीकडे दिसायला लागली. मला वाटलं, पाणी मचव्याला डावीकडे ओढतंय. मचवा उजवीकडे घेतला. पुढे माझा मेहुणा पांडू बांबूनं पाणी मापत होता.

"भावजी, पानी उथळ लागतंय."

"बांबू वाकडा धरलास."

क्रेन अजून डावीकडेच. मी अजून उजवीकडे.

"भावजी, क्रेन तर चालली नसंल?"

"येड्या, एवढं लोखंड कुटं चालतंय?"

आणि मचवा बसला, म्हैस चिखलात बसते तसा. वर ओहोटी लागली.

गुडघाभर चिखल तुडवत बंदरावर गेलो. तिथे शेठ उभे, शेजारी बांधकामाचा मुकादम. मी हात जोडून क्रेनचं सांगायला लागलो, तर मुकादमच म्हणाला, "क्रेन? ती सकाळीच पलीकडच्या प्लॉटवर नेली. कालपासून तुझ्या रेतीची वाट बघितली. मग काय, उभी करून आरती करू तिची?"

म्हणजे बघा, मला उशीर झाला म्हणून क्रेन गेली, आणि क्रेन गेली म्हणून मी गाळात गेलो. दोष कुणाला देणार?

शेठ रागावले असते तर बरं होतं. त्यांनी माझ्या पायांचा चिखल बघितला आणि तिथूनच इंजिन सांगून टाकलं. शीड उतरलं, इंजिन बसलं, पांडू तांडेल झाला. मला बंदराच्या टोकाला एक स्टूल मिळालं आणि हातात लाल फडकं.

शेठ म्हणाले, "दामा, ताड गेला, क्रेन गेली. आता तूच मचव्यांची खूण. फक्त हलू नको."

बसलो. पांडू इंजिन फटफटवत यायचा, तो धूर सरळ माझ्या तोंडावर. ओकारी यायची हो! पण उठतो कसा? खूण कधी हलते का?