कठड्यावरचे शूर

धरणाच्या विहिरीत मला नेमकं काय झालं, हे सांगायला डॉक्टरची गरजच पडली नाही. शिपायापासून उपअभियंत्यापर्यंत सगळे तज्ज्ञ जागेवर हजर होते. मॅडमनी सकाळपासून काही खाल्लं नसेल. मॅडमना दिवस गेले असतील. एक कार्यकर्ता छातीठोकपणे म्हणाला, की नारळ फोडायच्या आधी उतरलं की असं होतंच. बाईमाणसाला साइटवर टाकूच नये, हे मात्र तोंडावर कोणी बोललं नाही. ते सगळ्यांनी माझ्या पाठीमागे म्हटलं, मला नीट ऐकू येईल एवढ्याच हळू आवाजात.

मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता आहे. उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्याला पाणी, सोडायचा दिवस होता. धरणाच्या भिंतीला लागून एक गोल, खोल विहीर असते आणि तिच्या तळाशी कालव्याचं दार. वरून चाक फिरवलं की दार वर येतं आणि पाणी कालव्याला लागतं. एरवी निमूटपणे येतं. त्या दिवशी पुढारी, हार, कॅमेरे आणि पांढऱ्या कपड्यांतली पलटण आल्याबरोबर ते अडून बसलं. त्या मंडळींना बघून लोखंडालाही कंटाळा येत असेल, तर मी त्याला दोष देणार नाही.

कुठे अडकलंय ते खाली जाऊन बघायला हवं होतं. मी शिडीवरून उतरायला लागले. ती शिडी मला नवी नव्हती. पण आधी दरवेळी वर एखादा चौकीदार असायचा, तोही माझ्याकडे पाठ करून तंबाखू मळत. या वेळी पलटण कठड्यावर ओणवी झाली होती. मी निम्म्यात पोचले आणि वरून कोणीतरी ओरडलं, ‘‘मॅडम, पवायला येतं ना?’’ सगळे खो खो हसले.

मी वर पाहिलं. गोल आभाळ, आणि त्याच्या कडेने डोकीच डोकी. हसणारी.

माझे हात शिडीला चिकटले. श्वास आत जाईना. पाणी अजून बरंच खाली होतं, बूट कोरडे होते, आणि मी बुडत होते. हे सजवून लिहीत नाही. नाकात पाणी गेलं होतं, तोंडाला शेवाळाची चव आली होती, आणि पाठीवरचा डबा सुटलाय हे मला पक्कं ठाऊक होतं. धरणावर कसला आलाय डबा? पण त्याच क्षणी सगळं आठवलं, आणि मी पाटबंधारे खात्याची अधिकारी वगैरे काही उरले नाही. मी सात वर्षांची होते आणि मरत होते.

चौकीदाराने आणि एका मजुराने मला वर ओढून घेतलं. चाकाला चौघे जण लोंबकळल्यावर दार वर आलं. पुढाऱ्याने पाण्यात नारळ सोडला, फोटो निघाले, आणि मी जीपमध्ये डोक्यावर ओला रुमाल ठेवून बसले.

डब्याची गोष्ट आमच्या घरात विनोदी म्हणून सांगतात. संगमनेरजवळच्या आमच्या गावी पोरांना पोहायला शिकवायची एकच रीत. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि विहिरीत ढकलायचं. माझ्या धाकट्या चुलत्याने या शास्त्रात भर घातली होती. डबा गुपचूप सोडून मग ढकललं, की पोर आपोआप शिकतं. बारशाला, लग्नाला, तेराव्यालासुद्धा काका ही गोष्ट सांगत आला. ‘‘डबा काढला अन् दिली फेकून. मासळीवानी वर आली!’’ लोक हसायचे. आई चहाचे कप गोळा करत हसायची. मीही हसायचे. नोकरीत कोणी विचारलं तर पोहता येतं म्हणून सांगायचे, काकाच्या भरवशावर. त्यानंतर मी कधी पाण्यात पाय घातला नव्हता, हे मात्र माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. एवढी शिकलेली बाई, आणि ही अक्कल.

जीपमध्येच मुलीचा फोन आला. सुट्टीसाठी ती गावी होती आणि काकाला आजोबा म्हणायची. तिलाही सातवं लागलेलं. ‘‘आई, आजोबा आत्ता मला विहिरीत टाकणार आहेत. सगळे बघायला आलेत!’’

‘‘मी आल्याशिवाय जायचं नाही,’’ मी ओरडले. तिने फोन आधीच ठेवला होता. घरी कोणी उचलेना. गाव धरणापासून पंधरा मिनिटांवर; ‘गावाकडे घे’ म्हणताच ड्रायव्हरने जीप दामटली, एवढं माझं तोंड बिघडलं असणार.

पोचले तेव्हा विहिरीवर जत्रा भरली होती. पुतणे, भाचे, शेजारी, हातात मोबाईल. काका माझ्या मुलीच्या पाठीला प्लॅस्टिकचा कॅन बांधत होता आणि लोकांकडे बघून डोळा मारत होता. तो डोळा मला कळला. मी कॅन हिसकून घेतला आणि लेकीला जवळ ओढलं.

‘‘आगं, भितीस काय?’’ काका म्हणाला. ‘‘तुला मीच शिकवलं न्हवं का? मासळीवानी...’’

‘‘मी वर आले नव्हते, काका.’’

‘‘आली न्हवती, तर हितं हुबी कोन हाय?’’ यावर सगळे हसले. असल्या विनोदावर हसायलाही माणसं लागतात, आणि ती आमच्या गावात मुबलक आहेत. पुन्हा तीच डोकी, तोच कठडा. लेक माझ्या हातून सुटायला धडपडत होती, तिलाही आता आपल्या आईची लाज वाटत होती. आणखी थोड्या वेळात त्यांनी मला हसून हसून गप्प बसवलं असतं आणि पोरीला ढकललं असतं.

तेवढ्यात आई पुढे आली. तिने पदर खोचला.

‘‘भावजी,’’ ती काकाला म्हणाली, ‘‘तुमाला तरी कुटं पवता येतंय?’’

काकाने खाकरल्यासारखं केलं.

‘‘कंबरंएवड्या पान्यात कदी उतरला न्हाई तुमी. हिला म्या काडली. तळाला गेल्ती. तुमी समदे कटड्यावर हसत हुता. अन् वर आल्यावर तुमच्या भावानं मला हानलं. वल्या लुगड्यानं चार बाप्यांम्होरं हुबी ऱ्हायले म्हनून.’’

तुमच्या भावानं म्हणजे माझ्या वडिलांनी. ते जाऊन बरीच वर्षं झालीत. या गोष्टीत तेही पोट धरून हसायचे.

एकाने मोबाईल खिशात घातला. काका मिशी चाचपत राहिला. मला त्याची दया आली नाही. तो कधी धोकादायक वाटावा एवढा मोठा नव्हताच. कठड्याच्या उंचीने मोठा दिसत होता.

आईने नातीचा हात धरला आणि दोघी विहिरीच्या पायऱ्या उतरल्या. ढकलाढकली नाही, डबा नाही. एक पायरी, मग थांबणं, मग पुढची. पाणी आईच्या छातीला लागलं.

मी पहिल्या पायरीवर बसले. मला काकाचा राग यायला हवा होता, पण आला तो आईचा, आणि इतका आला की रडू फुटलं. ‘‘इतकी वर्षं हसत राहिलीस तू,’’ मी म्हणाले. ‘‘एकदा तरी सांगायचं होतंस मला.’’

तिने वर पाहिलं. ‘‘त्वा तरी कदी इचारलं का, वर कोनी काडली म्हून?’’ ती म्हणाली, आणि नातीच्या पोटाखाली हात धरून तिला पाण्यावर आडवं केलं.