चार खाती, एकच कनेक्शन

शिर्के सरांनी चार प्रिंटआउट माझ्या टेबलावर ठेवले. म्हणाले, "साळवी मॅडम, ही चार खाती म्हणजे एकच माणूस आहे. साडेपाचला मार्टिनचा फोन येईल. त्याआधी रिपोर्ट करून टाका, क्लोज विथ फॉरफिट."

फॉरफिट म्हणजे खातं बंद आणि आतली शिल्लक कंपनीकडे जमा. दुपारचे पावणेदोन वाजले होते. माझी शिफ्ट सुरू होऊन जेमतेम पंधरा मिनिटं झाली होती.

मिरजोळे एमआयडीसीतलं आमचं ऑफिस म्हणजे एक हॉल, तीसेक कॉम्प्युटर आणि मागे जनरेटर. २००५ नंतरचा काळ. आमचा क्लायंट इंग्लंडमधली ऑनलाइन बेटिंग कंपनी होती. मार्टिन हा तिकडचा साहेब. तिकडे मॅचवर, घोड्यांवर पैसे लावणं कायदेशीर आहे. कंपनीच्या गिऱ्हाइकांची खाती तपासायचं काम आमच्याकडे होतं. घरी मात्र आम्ही सगळेच "कॉम्प्युटरचं काम" एवढंच सांगायचो. त्याआधी एकवीस वर्षं मी बँकेत होते. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर घरी बसवेना, म्हणून ही नोकरी धरली. ऑफिसात सगळ्यांत वयस्कर मीच होते.

आम्ही काय शोधायचो, ते आधी सांगते. नवीन गिऱ्हाईक यावं, जुनं टिकावं म्हणून कंपनी दर आठवड्याला ऑफर द्यायची. तुम्ही दहा पौंडांची बेट लावा, आम्ही दहा पौंडांची फुकट देतो. आता हुशार माणूस काय करतो? इथे 'अमुक टीम जिंकेल' म्हणून लावतो. त्याच वेळी दुसऱ्या साइटवर, जिथे लोक एकमेकांविरुद्ध पैसे लावतात, तिथे 'ती टीम जिंकणार नाही' म्हणून लावतो. मॅच कशीही संपो, एकीकडे गेलं ते दुसरीकडे मिळतं. फुकट बेटमधले चार पैसे मात्र खिशात राहतात. याला मॅच्ड बेटिंग म्हणतात. यात नशिबाचा काही संबंध नाही, नुसतं गणित.

हा गुन्हा नाही. पण कंपनीला असं गिऱ्हाईक नको असतं. मग ती खातं 'रिस्ट्रिक्ट' करते. ऑफर बंद होतात आणि बेट लावायची मर्यादा काही पेन्सवर येते. ते टाळायला ही मंडळी साध्या गिऱ्हाइकाचं सोंग घेतात. हिशेबाने निघालेल्या पावणेदहाऐवजी गोल दहा लावतात. जिंकल्यावर लगेच पैसे काढत नाहीत. अधूनमधून एखादी साधी बेट लावून थोडे पैसे घालवतात. तशा बेटला आम्ही 'दाखवायची बेट' म्हणायचो.

आता ही चार खाती. चौघांचा पत्ता एकाच इमारतीचा, फक्त फ्लॅट नंबर वेगळे. इंटरनेट कनेक्शन एकच. दर बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने, एकाच ऑफरवर एकाच टीमवर बेट. एक माणूस चार नावांनी खेळत असेल तर ती फसवणूक, आणि तिथे फॉरफिटचा नियम लागतो. शिर्के सरांचं काहीच चुकत नव्हतं.

मी रिपोर्ट लिहायला घेतला. अर्धं पान झालं आणि थांबले.

बँकेत मी बरीच वर्षं चेकवरच्या सह्या तपासायचे. एकदा पावसचे एक पेन्शनर आले होते. सही नमुन्याशी जुळेना, म्हणून मी चेक परत केला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आले, मी पुन्हा परत केला. तिसऱ्यांदा त्यांची सून बरोबर आली. ती म्हणाली, "ताई, त्यांचा हात कापतो हो." अक्षराचं वळण तेच होतं, फक्त रेघ कापरी होती. तेवढं बघायला मला वेळ झाला नव्हता. तेव्हापासून कागद परत करण्याआधी मी दुसऱ्यांदा बघते.

शेजारच्या टेबलावर समीना बसायची. राजिवड्याची मुलगी, बीएस्सी झालेली, कामात तरबेज. तिला म्हटलं, "समीना, या चौघांच्या ऑफरच्या बेट बाजूला काढ गो. नुसत्या दाखवायच्या बेट मला प्रिंट करून दे."

"त्या कशाला मॅडम? त्या तर खोट्याच असतात."

"म्हणूनच. ऑफरच्या बेट सगळ्यांच्या सारख्याच दिसणार. खोट्या कशा लावतात ते बघू."

सहा महिन्यांचे कागद आम्ही टेबलावर पसरले आणि तासाभरात चित्र बदललं.

पहिलं खातं आर्थर नावाच्या गृहस्थाचं. हा चार मिनिटांत आत येऊन बाहेर जायचा. दाखवायची बेट अगदी मोजून, दर तिसऱ्या आठवड्याला. दुसरं डोरोथीचं. ही एकेक पौंड घोड्यांवर लावायची. कुठल्या घोड्यांवर? आधी समीनाच्या लक्षात आलं. "मॅडम, सगळ्या घोड्यांच्या नावात फूल आहे. रोझ, लिली, डेझी." तिसरा हॅरॉल्ड. तो कुठल्याशा लहान गावाच्या फुटबॉल टीमवर लावायचा. ती टीम सहा महिन्यांत दोनदा जिंकली होती, तरी हा लावतच होता. चौथी जोन. हिचा पासवर्ड दर बुधवारी दोनदा चुकायचा.

एकच माणूस चार सोंगं घेतो तेव्हा चारही सोंगांत तो सारखाच शहाणा असतो. इथे एक शहाणा होता. बाकीचे तिघे मनापासून खेळत होते.

पत्ता इंटरनेटवर टाकून बघितला. ती निवृत्त लोकांसाठी बांधलेली इमारत निघाली. प्रत्येकाचा छोटा फ्लॅट, खाली सगळ्यांना एक बैठकीची खोली. कॉम्प्युटर बहुधा तिथेच असणार.

मग समीनाला हेल्पडेस्कचं चॅट सापडलं. दोन महिन्यांपूर्वी जोनने लिहिलं होतं, 'मला एक पौंड लावायचा होता, चुकून दहा लागले. आर्थर म्हणतो आता काही होणार नाही. तो रागावलाय. खरंच काही होणार नाही का?'

समीनाचा चेहरा पडला. "ही ओळ रिपोर्टमध्ये नको घालूया. आर्थर सगळं चालवतो हे यातनं कळतं."

मलाही ते दिसत होतं. ओळ गाळली तरी कोणाला कळलं नसतं. पण बँकेत मी कधी व्हाउचर लपवलं नव्हतं, आणि इथे एक कागद लपवला की बाकीच्यांवरही माझा विश्वास राहिला नसता. मी ते चॅट पुन्हा वाचलं.

"समीना, चारही खाती आर्थरच चालवत असता, तर आर्थर रागावलाय म्हणून त्याने स्वतःच हेल्पडेस्कला लिहिलं असतं का?"

ती हसली. "घाला मग. सगळ्यात वर घाला."

पाच वाजता शिर्के सर आले. रिपोर्ट वाचून त्यांचा आवाज चढला. "मॅडम, मी क्लोज करा सांगितलं होतं. तुम्ही वकिली केलीत."

"सर, माणसं चार आहेत."

"असतील. पण शंका आम्ही मार्टिनला कळवली होती. आता आम्हीच उलट बोललो तर तो म्हणेल, यांना काम कळत नाही. काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. तीस जणांचा पगार आहे माझ्या डोक्यावर."

ते खोटं बोलत नव्हते. एमआयडीसीत आधीच दोन शेड बंद पडलेल्या मी रोज येताना बघायचे. मी म्हटलं, "मी बोलते मार्टिनशी. बिनसलं तर माझं नाव सांगा."

साडेपाचला फोन आला. शिर्के सरांनी स्पीकर लावला. मार्टिन वाईट माणूस नव्हता, घाईतला होता.

"मिसेस साळवी, एक कनेक्शन, एक वेळ, एक टीम. ही केस दोन मिनिटांची आहे."

"रिपोर्टचा फॅक्स आलाय ना? त्याचं दुसरं पान उघडा. डोरोथीचे घोडे बघा."

पलीकडे कागद हलल्याचा आवाज आला. त्याने एकेक नाव वाचलं. मग म्हणाला, "फुलं?"

"फुलं. आता हॅरॉल्डची टीम बघा."

या वेळी तो मोठ्याने हसला. "ही टीम माहितीये मला. हिच्यावर सोंग म्हणूनसुद्धा कोणी पैसे लावणार नाही." मग लगेच गंभीर झाला. "पण आर्थर त्यांना शिकवतो. चौघे मिळून आमच्या ऑफर खातायत."

"ऑफर तुम्हीच दिली होती. प्रत्येकाने दर ऑफर एकेकदाच घेतली, आपापल्या कार्डाने. रिस्ट्रिक्ट करा, तो तुमचा नियम आहे. पण पैसे जप्त करायला फसवणूक लागते. ती मला सापडली नाही."

शिर्के सर खिडकीकडे बघत उभे होते.

"ओके," मार्टिन म्हणाला. "चौघांना रिस्ट्रिक्ट. शिल्लक परत. आणि हा रिपोर्ट मला मेलवरही पाठवा."

दहा दिवसांनी तक्रारींच्या इनबॉक्समध्ये आर्थरचा मेल आला. मला वाटलं, भांडण असणार. त्याने लिहिलं होतं की, मी शाळेत गणित शिकवत होतो, बुधवारी आम्हा चौघांचा हा वर्ग चालायचा. आम्हाला बंद करणार हे अपेक्षितच होतं, पण पैसे परत आले याचं आश्चर्य वाटलं. खाली एक ओळ होती, 'मी तिघांना साध्या गिऱ्हाइकांसारखं वागायला शिकवत होतो. ते तिघे आधीपासूनच तसे होते, हे माझ्या लक्षात आलं नाही.' समीनाने त्याचा प्रिंट काढून घेतला. उत्तर द्यायची आम्हाला परवानगी नव्हती.

काँट्रॅक्ट रिन्यू झालं. शिर्के सरांनी सगळ्यांना वडापाव मागवले. माझ्याशी त्या विषयावर ते पुन्हा काही बोलले नाहीत, पण पुढे संशयाच्या केसेस न सांगता माझ्या टेबलावर यायला लागल्या.

महिन्याभराने लंडनहून एक ट्रेनिंग डॉक्युमेंट आलं. सोंग घेणारं गिऱ्हाईक कसं ओळखायचं, यावर आठ पानं. दाखवायच्या बेट वेगळ्या काढा, त्यांत आवड दिसते की हिशेब ते बघा, वगैरे. वाक्यं माझ्याच रिपोर्टमधली होती, फक्त इंग्रजी सुधारलेलं. त्या पद्धतीने आमच्या हॉलमधून आणखी कितीतरी आर्थर रिस्ट्रिक्ट झाले, त्यांतले काही माझ्याच हाताने.

कोणाला सोडवायला म्हणून शोधलेली युक्ती पकडायलाही तितकीच चालते. ती ऑफिसात लेखी द्यायच्या आधी हे लक्षात आलेलं बरं. मी मात्र तरीही दिलीच असती.