ओट्यावरचं इंटिग्रेशन

सन २०२४, जून महिना. मासेमारीची बंदी लागली होती. सातपाटीच्या बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या. कोळी रिकामा बसला की किस्से साठतात. त्या पावसाळ्यातले सगळे आमच्या ओट्यावर साठले, आणि सगळे गणिताचे!

माझी सून रेखा गणितात एम.एस्सी. आहे. इंजिनिअरिंगच्या पोरांना ओट्यावर इंटिग्रेशन शिकवते. मी बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या, चौथी पास. मला त्यातलं काही कळत नाही. पोरं पास होतात, एवढं कळतं.

*

बंदरावर एकाने टोमणा मारला, "तांडेल, सून शिकवते न् तुमी पोरांना च्या करून देता म्हणं!"

"देतो," मी म्हणालो. "तुझी सून शिकवायला लागली की तू पण दे!"

*

मागे भर समुद्रात माझं इंजिन बंद पडलं. हिराजी तांडेलाने दोर टाकून माझी बोट बंदरात ओढत आणली. तेव्हापासून चारचौघांत त्याचं एकच, "हा माझ्या दोरानं घरी आला हाय!"

तो दोर मी परत दिला नाही. ओट्यावरच्या खुंटीला टांगला. उपकार फिटेल त्या दिवशी देईन म्हटलं.

त्या जूनमध्ये हिराजी आमच्या पायरीखाली येऊन उभा राहिला. त्याची नात मानसी गणितात दोनदा नापास झालेली. या खेपेला विषय राहिला तर वर्ष वाया.

"सुनेला सांगशील?"

"तूच सांग. टीचर ती हाय. चप्पल काढ, वर ये."

त्याने चप्पल काढली. वर आला. खुंटीकडे बघितलं.

*

बोईसरच्या कंपनीतला राजेश शिफ्ट संपवून क्लासला यायचा. रेखाने फळ्यावर भला मोठा अपूर्णांक लिहिला आणि पार्शल फ्रॅक्शन करायला, म्हणजे त्याचे तुकडे पाडायला सांगितलं.

"मॅडम, तोडना क्यों? अच्छा-खासा तो है!"

"पूरी सुरमई तवे पे आती है क्या? पहले काटो, फिर तलो!"

"मॅडम, मैं शाकाहारी हूँ."

"तो कद्दू समझो! काटो!"

*

एकदा मी कोपऱ्यात जाळं विणत होतो. माझा मुलगा दुसऱ्या बाजूने गुंता सोडवत होता. सुटायचा सोडून वाढत चाललेला. मी ओरडलो, "सोड ते! दुसऱ्या टोकानं धर!"

मानसी दचकली. ती बाय पार्ट्सचं गणित करत होती. रेखाने मागाहून सांगितलं, तेही सुटायचं सोडून वाढत चाललेलं: एक्सचा स्क्वेअर झालेला, क्यूब व्हायच्या बेतात. तिने सगळं खोडलं, दुसरं पद आधी धरलं. दोन ओळींत उत्तर!

"आजोबा, तुमाला इंटिग्रेशन येतं?"

मी जाळं विणत राहिलो. खुलासा केला नाही.

*

पेपरच्या आदल्या दिवशी मानसी रडायला लागली. "टीचर, परत नापास झाले तर?"

रेखा म्हणाली, "उत्तराच्या शेवटी प्लस सी लिहिलंस?"

"नाय."

"आधी ते लिही. मग रड."

तिने लिहिलं. मग रडायचं राहूनच गेलं.

*

नारळी पुनव झाली, बोटी पाण्यात गेल्या. एका सकाळी हिराजी आला. हातात पापलेटांची टोपली. या वेळी पायरीखाली थांबला नाही, चप्पल काढून थेट वर आला.

"पास झाली! पार्शल फ्रॅक्शनच आलं होतं म्हणते!"

टोपली रेखापुढे ठेवली. तिला हात जोडले. मग माझ्याकडे वळला.

मी उठलो. खुंटीवरचा दोर उतरवला आणि त्याच्या हातात दिला.