सहा की बारा

मी गोंधळलो की फार बोलतो. गेल्या उन्हाळ्यात प्रकाशा गावाजवळच्या एका मळ्यात चार दिवस माझी टकळी चालू होती, आणि त्या चार दिवसांत मला काडीचंही कळत नव्हतं.

मळा एका मावशींचा. सौर पंपाच्या भरवशावर त्यांनी पपईची नवी रोपं लावली होती. पॅनेलची वीज बोअरच्या मोटरीला आहे तशी चालत नाही. मध्ये एक डबा लागतो, तो ती बदलून देतो. आम्ही दुरुस्तीवाले त्याला कंट्रोलर म्हणतो. दोनच दिवसांपूर्वी मी त्याचा धुळीनं जाम झालेला पंखा बदलला होता. त्या दिवशी आभाळ होतं, पंप झकास चालला. "भाऊ, तुन्हं काम साफ शे," असं मावशींनी म्हटल्यावर मी फुगून घरी आलो होतो.

आणि आता त्यांचा फोन. "पानी येस नई. मन्ही पपई सुकी ऱ्हायनी."

सकाळी पंप चालायचा, ऊन चढलं की बंद. पडद्यावर 'ओव्हरलोड'. कोवळ्या उन्हातलं जेमतेम पाणी शेवटच्या ओळींपर्यंत पोचायचंच नाही. मी आधी माझा पंखाच तपासला. तो गरगर फिरत होता. मग टाँग टेस्टर काढला. त्याचा चिमटा उघडून वायर आत घेतली की तिच्यातला करंट कळतो. भर उन्हात आकडा आला सहा. डब्याचा पडदा त्याच वेळी सांगत होता बारा. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?

नंदुरबारला माझ्या उस्तादांना फोन लावला. त्यांच्या दुकानात मी मोटर बांधायला शिकलो. ते म्हणाले, "डब्यामधला करंट तुकडा तुकडा व्हयेल ऱ्हास. साधं मीटर त्याले फसस. तुन्हं सोड, डब्यावर भरवसा ठेव."

हे खरंही आहे. साधं मीटर अशा ठिकाणी फसतं. म्हणून मी बारा खरे धरले, आणि एवढा जास्त करंट अडकलेली मोटरच ओढते. मोठ्या ऐटीत सांगितलं, "मोटर वर काढा."

दोनशे फूट खोल मोटर. मावशींचे यजमान आणि भावकीतली चार माणसं दिवसभर पाईप ओढत होती. यजमानांच्या तळहातांची सालं निघाली. मोटर वर आली, मी हातानं फिरवली, तर ती लोण्यासारखी फिरली. माणसं पाईपांवरच टेकली. मी बोलत राहिलो, बेअरिंग, गाळ, व्होल्टेज, तोंडाला येईल ते. तिसऱ्या दिवशी ती परत सोडली. दुपारी पुन्हा बारा, पुन्हा बंद. मला रडू यायचं बाकी होतं.

चौथ्या दिवशी वाटलं, निदान आपलं मीटर तरी तपासावं. मावशींच्या ओसरीवरचा बल्ब घेतला, त्याला किती करंट लागतो ते ठाऊक असतं. इतका बारीक करंट मीटरवर नीट दिसत नाही, म्हणून उस्तादांची जुनी रीत आहे: वायरीचे चिमट्याभोवती दहा वेढे घ्यायचे आणि आलेल्या आकड्याला दहानं भागायचं. वेढे मोजत होतो. एक, दोन... आणि दोनवरच माझा हात थांबला.

पंखा बदलताना मोटरीकडे जाणारी एक वायर सैल लोंबत होती. पात्याला लागेल म्हणून मी ती शेजारच्या काळ्या कड्यातून आणखी एकदा ओवून छान ताठ केली होती. त्याच कड्यातून डबा करंट मोजतो. वायर तिथून एकदाच जायला हवी. मी दोनदा नेली, डब्याला सहाचे बारा दिसले. पंखा बदलला त्या दिवशी आभाळामुळे करंटच कमी होता, म्हणून दुप्पट दिसूनही पंप बंद पडला नव्हता. उस्तादांच्या वेढ्यांचाच हिशोब, फक्त भागायला तिथे कुणी नव्हतं.

डबा बंद केला, आतली वीज उतरू दिली, मग उघडून तो एक वेढा काढला. भर दुपारी पडद्यावर सहा आले आणि पंप चालत राहिला. सांगू की नको, असं झालं. 'वायर सैल झाली होती' एवढं सांगून निभावता आलं असतं. पण यजमान फडकं गुंडाळलेल्या हातानं पाणी वळवत होते, ते बघवेना. मी मावशींना सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. "मंग मोटर कसाले काढी?"

"मीटर खरं सांगत होतं. माझाच विश्वास बसला नाही."

त्या मला शेवटच्या दोन ओळींकडे घेऊन गेल्या. पाणी तिथवर आलं होतं. रोपांची पानं करपून खाली लोंबत होती. मावशींनी एक बुंधा बोटांत धरून पाहिला, तो मऊ लागला.

"आते जगतीन का?" त्यांनी विचारलं.

चार दिवसांत पहिल्यांदाच मला उत्तर ठाऊक होतं. ते एका शब्दाचं होतं आणि तेवढं मला बोलवेना.